शिकारी कोण, चोर कोण? : साम्राज्यकाळातल्या शिकारकथा आज वाचताना



आजचा विषय शिकारीचा आहे, आणि वरवर पाहता तो आपल्या ओळखीचा आहे. कुठल्याही जुन्या संस्थानाचा राजवाडा पाहायला गेलं की भिंतीवर सांबराची शिंगं असतात, पेंढा भरलेला वाघ असतो आणि काचेच्या चौकटीत एक फोटो असतो. खाली मेलेला वाघ, मागे खुर्चीत साहेब किंवा महाराज, मांडीवर बंदूक. आपण तो फोटो बघतो, थोडं हळहळतो, ‘यांनीच आपली जंगलं संपवली’ असं म्हणतो आणि पुढच्या दालनात जातो. आज आम्हाला त्या फोटोपाशी जरा जास्त वेळ थांबायचं आहे. कारण त्या फोटोत कडेला आणखी माणसं असतात. अनवाणी, डोक्याला मुंडासं, हातात काठी नाहीतर पत्र्याचा डबा. हे हाकारे. वाघ कुठे आहे हे त्यांनीच सांगितलेलं असतं, त्याला उठवून मचाणाकडे त्यांनीच आणलेलं असतं, आणि फोटोखालच्या ओळीत त्यांचं नाव नसतं.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तपासून घेता येईल. साम्राज्याने जनावरं मारली, हे खरंच आहे. पण त्यापेक्षा जास्त टिकलेली गोष्ट वेगळी आहे. जंगलात बंदूक घेऊन शिरणाऱ्यांपैकी शिकारी कुणाला म्हणायचं आणि चोर कुणाला म्हणायचं, हे त्या काळात ठरलं. बंदुका गेल्या, साहेब गेले, संस्थानं विलीन झाली. ही वाटणी मात्र राहिली. आणि ती राहायला जितका कायदा कारणीभूत आहे, तितकीच आपण आवडीने वाचलेली पुस्तकंही आहेत.

आता पहिली शंका तुमच्या मनात येईल ती अशी : इंग्रज यायच्या आधी इथे शिकार नव्हती का? होती की, भरपूर होती. जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत हिशेबच दिलेला आहे. वयाच्या बाराव्या वर्षापासून राज्यारोहणाच्या अकराव्या वर्षापर्यंत आपल्यासमोर २८,५३२ जनावरं मारली गेली, त्यातली १७,१६७ आपण स्वतः मारली, असं तो लिहितो. म्हणजे मोजून ठेवायची हौस काही साहेबाने आणलेली नाही. पाळलेल्या चित्त्याकडून काळवीट पकडवणं हा तर दरबारांचा जुना खेळ. आपल्याकडे पेशव्यांचा शिकारखाना पर्वतीच्या पायथ्याशी होता. आणि दरबारांच्या खाली, गावपातळीवर, शेत राखणारा शेतकरी डुक्कर मारत होता, फासेपारधी फास लावून तितर-बटेर आणि हरणं धरत होता. तेव्हा ‘पूर्वी सगळं निसर्गाशी गुण्यागोविंदाने चाललं होतं, गोऱ्यांनी येऊन बिघडवलं’ ही गोष्ट आपण आपल्याला सांगू नये. ती सोयीची आहे, पण खरी नाही.

मग नवं काय झालं? आमच्या मते तीन गोष्टी नव्या आल्या. बक्षीस, कायदा आणि पुस्तक. एकेक घेऊ.

बक्षीस म्हणजे काय, तर सरकारने जनावरांची दोन गटांत विभागणी केली. हरीण, सांबर, गवा ही राखायची, म्हणजे साहेबांना शिकारीला मिळायची. वाघ, बिबट्या, लांडगा, रानकुत्रा ही उपद्रवी, म्हणजे नाहीशी करायची. कातडं किंवा मुंडकं आणून दाखवा, सरकारी खजिन्यातून पैसे घ्या. इतिहासकार महेश रंगराजन यांनी या नोंदींच्या आधारे जो अंदाज मांडला आहे, तो आकडा सांगतो : १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत ८०,००० हून अधिक वाघ, दीड लाखाहून अधिक बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेले. लांडग्याचा आकडा पुन्हा एकदा ऐका. लांडग्याचं मुंडकं कुणी दिवाणखान्यात लावत नाही, त्याचा फोटो कुणी काढत नाही. म्हणजे एवढी मोठी कत्तल ही हौशी शिकाऱ्यांची करामत नव्हती. त्यातला फार मोठा भाग गावोगावच्या स्थानिक शिकाऱ्यांनी, चार पैसे मिळतात म्हणून, ठासणीच्या बंदुकीने, फासाने, विषाने केला. त्यांच्यातल्या कित्येकांना या मोहिमेचा मनापासून आनंदही झाला असेल. कारण गोठ्यातली गाय त्यांची जात होती. भिंतीवरच्या फोटोतून हे दिसत नाही. फोटो साहेबाचा आहे, पण कत्तल ही धोरणाची होती, आणि तिच्यात आपलीही माणसं होती.

एक मात्र लक्षात घ्या. या धोरणामागे नुसता रानटीपणा नव्हता. शेत वाढलं की सारा वाढतो. जंगल हटलं, वाघ हटला, की नांगर पुढे सरकतो. वाघ मारणं हे त्या काळच्या सरकारच्या लेखी पडीक जमीन लागवडीला आणण्याच्या कामापैकी एक काम होतं. शिवाय त्यात राजकारणही होतं. खानदेशात जेम्स औट्रमने १८२५ साली भिल्लांची पलटण उभारली. डोंगरातल्या भिल्लांमध्ये त्याचा दबदबा बसला तो बराचसा वाघाच्या शिकारीमुळे. वाघ मारणारा साहेब हा गावाचं रक्षण करणारा साहेब झाला. ज्याने राखायचं, त्याने राज्य करायचं, हे समीकरण त्यातून आपोआप पटत गेलं.

आता दुसरी गोष्ट, कायदा. १८७८ हे साल आपण लक्षात ठेवायला हवं. या एकाच वर्षी दोन कायदे झाले. भारतीय वन कायद्याने जंगलं राखीव, संरक्षित आणि ग्राम अशी वाटली गेली आणि शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना लागू लागला. युरोपियनांना त्यातून सूट होती. दोन्ही कायदे शेजारी ठेवून वाचा. एकाने जंगलाचं दार बंद केलं, दुसऱ्याने हातातलं हत्यार काढून घेतलं. पुढच्याच वर्षी, १८७९ मध्ये, निलगिरीत शिकारीच्या जनावरांच्या आणि माशांच्या रक्षणासाठी वेगळा कायदा आला. त्यामागचा जोर तिथल्या युरोपियन मळेवाल्यांचा आणि अधिकाऱ्यांचा होता. १९१२ साली रानपक्षी आणि प्राणी संरक्षण कायदा आला. त्याच्या यादीत हरणं होती, गवा होता, गेंडा होता. वाघ नव्हता.

या कायद्यांच्या पोटात एक नीतिशास्त्र होतं, आणि ते विलायतेतून आलेलं होतं. खरा शिकारी जनावराला संधी देतो, मादीला मारत नाही, विणीच्या हंगामात बंदूक खाली ठेवतो. ऐकायला चांगलंच वाटतं, आणि त्याने काही जनावरं वाचलीही. पण याच नीतीने फास, जाळं, खड्डा, वाघूर हे सगळे प्रकार हलकट ठरवले. मचाणावर बसून, चार-पाचशे माणसांकडून हाकारा घालवून, लांब पल्ल्याच्या रायफलीने गोळी घालणं हा खेळ झाला. आणि भूक लागली म्हणून ससा फासात धरणं हा गुन्हा झाला. वन कायद्याच्या ज्या कलमात राखीव जंगलातले गुन्हे मोजलेले आहेत, त्यात फास आणि सापळा लावणं हे लाकूडतोडीच्या आणि गुरं चारण्याच्या पंक्तीला बसवलेलं आहे. परवाना असेल तर साहेबाला तेच जंगल खुलं होतं.

याचा फटका कुणाला बसला असेल, तर फासेपारध्यांना. ज्यांचं नावच फासावरून पडलं आहे, त्यांचा धंदा गुन्हा ठरला. पुढे माणसंच गुन्हेगार ठरली. गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ साली आधी उत्तरेत आला आणि १९११ च्या कायद्यानंतर मुंबई इलाख्यातही पसरला. जन्मानेच चोर, रोज पोलीसपाटलाकडे हजेरी. इथे कोल्हापूरच्या शाहू महाराजांची आठवण करायलाच हवी. महाराज स्वतः पट्टीचे शिकारी. संस्थानात चित्ते पाळलेले होते, आणि हिंदुस्थानातले चित्ते मिळेनासे झाल्यावर पुढच्या काळात कोल्हापूर दरबारने आफ्रिकेतूनही चित्ते आणवले. पण त्याच महाराजांनी १९१८ साली ही हजेरीची पद्धत बंद केली आणि फासेपारध्यांना नोकऱ्या दिल्या. शिकारीचा शौक आणि माणुसकी एका माणसात राहू शकतात, तेव्हा आपण ‘शिकारी म्हणजे क्रूर’ असं सोपं गणित मांडू नये. प्रश्न शौकाचा नव्हताच. बंदूक असलेल्या माणसाने फास असलेल्या माणसाकडे कसं पाहिलं, हा प्रश्न होता.

आता तिसरी गोष्ट, पुस्तक, आणि आजच्या बोलण्याचा मुख्य भाग. शिकारीच्या हकीकतींचा एक मोठा ढीग इंग्रजीत साठला. त्यातली जुनी आणि महत्त्वाची हकीकत म्हणजे कॅप्टन जेम्स फॉरसिथचं मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरचं १८७१ चं पुस्तक. पचमढी, सातपुडा, नर्मदेचं खोरं हा त्याचा मुलूख. माणूस विद्वान होता, जमाबंदी करणारा अधिकारी होता, नजर तीक्ष्ण होती. पण पुस्तकाची मांडणी बघा. डोंगर, साग, साल, गोंड, कोरकू, गवा, वाघ, सगळं एका मालिकेत येतं. जणू एकाच मालमत्तेची ही यादी आहे. गोंड उत्तम मागकाढ्या म्हणून कौतुकाचा होतो, आणि तोच गोंड डोंगरउतारावर जंगल जाळून दह्या शेती करतो तेव्हा जंगलाचा नाश करणारा होतो. हौसेसाठी गोळी घालणारा लेखक पोटासाठी राब करणाऱ्याला नासधूस करणारा म्हणतो, आणि वाचताना आपल्याला ते खटकत नाही. कारण आपण लेखकाच्या खांद्यावरून पाहत असतो.

हीच नजर आपल्या अजिंठ्याच्या कथेत आहे. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास फौजेतला जॉन स्मिथ वाघाच्या मागावर असताना त्याला वाघुर नदीच्या वळणावर लेणी दिसली. दहाव्या लेण्यातल्या खांबावर त्याने आपलं नाव आणि तारीख कोरली, ती अजून आहे. पाठ्यपुस्तकात आपण ‘लेण्यांचा शोध’ असंच शिकलो. आजूबाजूच्या गावांतले लोक तिथे गुरं चारत होते, त्यांना ती ठाऊक होती. पण ठाऊक असणं आणि शोध लावणं यांत फरक केला गेला. जंगलातल्या ज्ञानाचंही हेच झालं. वाघाचा माग ज्याला ठाऊक होता तो हाकारा, आणि वाघ ज्याला ‘मिळाला’ तो शिकारी.

या सगळ्या ढिगात एक पुस्तक वेगळं उठून दिसतं : जिम कॉर्बेटचं कुमाऊंच्या नरभक्षकांवरचं पुस्तक, मुंबईहून १९४४ साली निघालेलं. मराठी वाचकाने कॉर्बेटला जेवढं आपलं मानलं तेवढं दुसऱ्या कुठल्या साहेबाला क्वचितच मानलं असेल. आणि त्याला कारणं आहेत, ती आधी सांगू. कॉर्बेट नैनितालला जन्मलेला. पहाडी माणसांची भाषा त्याची होती. तो बहुतेक वेळा एकटा पायी जातो, हाकाऱ्यांची फौज घेऊन क्वचितच. चंपावतच्या वाघिणीने, त्याने दिलेल्या हिशेबाप्रमाणे, ४३६ माणसं मारली होती. ती १९०७ साली पडली तेव्हा तो तिचं तोंड उघडून पाहतो. उजवीकडचे सुळे जुन्या गोळीने तुटलेले. म्हणजे कुणा शिकाऱ्याच्या हुकलेल्या गोळीने ती नरभक्षक झाली. बक्षीस देणाऱ्या सरकारने ज्याला उपद्रवी म्हटलं, त्या जनावराला कॉर्बेटने उमद्या दिलाचा सद्गृहस्थ ठरवलं, आणि दोष माणसाच्या बंदुकीकडे वळवला. १९४४ साली हे म्हणणं सोपं नव्हतं. ‘उपद्रवी’ या शब्दाला त्या पुस्तकाने जेवढा धक्का दिला तेवढा कुठल्या अहवालाने दिला नसेल.

आता आमची तक्रार. याच पुस्तकात नरभक्षकांच्या मधोमध एक प्रकरण आहे, पवलगढच्या एका प्रसिद्ध नर वाघाचं. त्या वाघाने कुणाला खाल्लेलं नव्हतं. तो मोठा होता, देखणा होता, अनेक शिकाऱ्यांना हवा होता. कॉर्बेटने १९३० साली त्याला मारलं. हे प्रकरण त्याच गोडीने, त्याच उत्कंठेने लिहिलेलं आहे. आणि पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात लेखक सांगतो की बंदुकीपेक्षा कॅमेरा बरा. वाचक शेवटचं प्रकरण लक्षात ठेवतो आणि मधलं विसरतो. आम्ही यात कॉर्बेटचा दांभिकपणा शोधत नाही. तो व्हाइसरॉय लिनलिथगोसाठी शिकारी आखत होता, हेही त्याने लपवलं नाही. आमचा मुद्दा असा की त्याच्यात शिकारी आणि रक्षक ही दोन माणसं भांडत नाहीत. एक दुसऱ्यात अलगद मिसळतो. ज्याला मारायचा हक्क होता, त्यालाच वाचवायचा हक्क आपोआप मिळाला. हकीकत इतकी सुंदर सांगितली आहे की हा हक्क आला कुठून, हे विचारायचं आपल्याला सुचत नाही.

आणखी एक प्रश्न. कॉर्बेटच्या गोष्टींत वाघाच्या तोंडी जातं कोण? पाला काढायला झाडावर चढलेली बाई. सरपण गोळा करायला गेलेली पोर. गुरं राखणारा, गवत कापणारी. प्रत्येक मरणाचं वर्णन तो करुणेने करतो. पण या बायका-पोरी रोज कुठल्या जंगलात, कुणाच्या परवानगीने जात होत्या? कुमाऊंची जंगलं १९११ ते १९१७ या काळात मोठ्या प्रमाणावर राखीव झाली. चराई, पाला, सरपण यांवर बंधनं आली. त्याच्या जोडीला वेठ होती : साहेब दौऱ्यावर निघाला की गावाने फुकट ओझी वाहायची. जानेवारी १९२१ मध्ये बागेश्वरला उत्तरायणीच्या जत्रेत लोकांनी या वेठीच्या वह्या सरयू नदीत बुडवल्या. त्याच उन्हाळ्यात कुमाऊंच्या राखीव जंगलांना ठिकठिकाणी आगी लागल्या, त्यातल्या कित्येक लोकांनी लावलेल्या. रामचंद्र गुहा यांनी हा इतिहास सविस्तर मांडला आहे. आता बघा, कॉर्बेटच्या चौगढच्या वाघिणींची कथा १९२५ ते १९३० या वर्षांतली. मुलूख तोच, माणसं तीच. पण गोष्टींतला पहाडी माणूस भितो, रडतो, आभार मानतो, चहा-दूध आणून देतो. नदीत वह्या बुडवणारा पहाडी माणूस या पुस्तकात भेटत नाही.

आणि हे काही एकट्या कुमाऊंचं नाही. चौगढची वाघीण पडली ११ एप्रिल १९३० ला. त्याच वर्षी आपल्याकडे १० जुलैला पुसदला लोकनायक अण्यांच्या नेतृत्वाखाली जंगल सत्याग्रह झाला. बिळाशीला झाला. २५ सप्टेंबरला उरणजवळच्या चिरनेरला झाला आणि तिथे गोळीबार झाला, माणसं मेली. गवत कापणं आणि लाकूड तोडणं हा तिथे राजद्रोह होता. एकाच वर्षात, एकाच राज्याच्या जंगलांत, दोन प्रकारच्या गोळ्या सुटत होत्या. एकीची गोष्ट जगभर वाचली गेली.

कॉर्बेटच्या शेजारी आम्ही एक छोटा निबंध ठेवू इच्छितो : जॉर्ज ऑर्वेलचा हत्तीच्या शिकारीवरचा, १९३६ सालचा. ब्रह्मदेशात, मौलमीनला, एक पिसाळलेला हत्ती एका मजुराला चिरडतो. तरुण गोरा पोलीस अधिकारी बंदूक घेऊन निघतो. तो पोचेपर्यंत हत्ती शांतपणे गवत खात असतो. मारायची गरज उरलेली नसते, त्याची इच्छाही नसते. पण मागे हजारो माणसं जमलेली आहेत, आणि साहेबाने आता गोळी घातली नाही तर ती हसतील. तो गोळी घालतो. कॉर्बेटमध्ये गर्दी आभार मानते, ऑर्वेलमध्ये गर्दी वाट बघते. साहेबाच्या हातातली बंदूक हा एक मुखवटा आहे, हे शिकारकथेच्या परंपरेत इतक्या उघडपणे दुसऱ्या कुणी म्हटलं असेल असं आम्हाला वाटत नाही. पण ऑर्वेललाही एक प्रश्न विचारायला हवा. निबंध कुणाबद्दल आहे? साहेबाच्या फजितीबद्दल. मेलेला मजूर शेवटी कामाला येतो तो कायद्याची बाजू भक्कम करायला. ऑर्वेल स्वतःच हे कडवटपणे सांगतो. साम्राज्याची टीका झाली, पण हाकाऱ्याचं नाव इथेही नाही.

अभ्यासकांत या विषयावर सर्वांत जास्त वाचलं गेलेलं पुस्तक जॉन मॅकेन्झी यांचं, १९८८ सालचं. शिकार हा साम्राज्याचा विधी होता, सत्तेचं जाहीर नाटक होतं, आणि संरक्षणाचे कायदे हे त्याच वर्गाने आपला खेळ टिकवण्यासाठी केले, असं त्यांचं थोडक्यात म्हणणं. ते बरोबर आहे. १९११ चा दिल्ली दरबार आटोपून पंचम जॉर्ज नेपाळच्या तराईत गेले आणि थोड्याच दिवसांत ३९ वाघ, १८ गेंडे आणि ४ अस्वलं पडली. हे नाटक नाही तर काय? पण आमच्या मते हा सिद्धांत एका जागी अपुरा पडतो. नाटक संपलं की रंगमंच रिकामा व्हायला हवा. इथे तसं झालं नाही. नेपाळच काय, आपली संस्थानंही त्या नाटकात बरोबरीने उभी होती, आणि साहेब गेल्यावर नाटक थांबलं नाही. कोरिया संस्थानच्या महाराजांनी १९४७ च्या सुमारास एका रात्रीत तीन चित्ते मारले. हिंदुस्थानातले ते जवळजवळ शेवटचे. स्वातंत्र्यानंतरही वाघाच्या शिकारीवर बंदी यायला १९७० उजाडलं. मधली वीस-बावीस वर्षं परदेशी पाहुण्यांना वाघ मिळवून देणाऱ्या कंपन्या जोरात होत्या. डॉलर देणाऱ्याला परवाना होता, पारध्याला नव्हता.

दुसरीकडे बघा, आजची आपली बरीचशी अभयारण्यं कालची शिकारीची राखीव रानं आहेत. दाजीपूर हे कोल्हापूरच्या छत्रपतींचं शिकारीचं रान, १९५८ साली गव्यांचं अभयारण्य झालं. रणथंबोर जयपूरकरांचं. गीरचे सिंह जुनागढच्या नवाबांनी राखले म्हणून उरले. आणि भरतपूर! १२ नोव्हेंबर १९३८ ला लिनलिथगोसाठी मांडलेल्या एका शिकारीत तिथे ४,२७३ पक्षी पडले. तिथल्या दगडी फलकावर तो आकडा आजही वाचता येतो. पुढे तिथे राष्ट्रीय उद्यान झालं. १९८२ साली गावकऱ्यांच्या म्हशींना आत बंदी झाली, निषेध झाला, पोलिसांचा गोळीबार झाला आणि गावकरी मारले गेले. पुढची गोष्ट मात्र ऐकण्यासारखी आहे. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने तिथे दहा वर्षं अभ्यास केला आणि निष्कर्ष निघाला की म्हशी चरायच्या थांबल्यावर पाण्यातलं गवत माजलं, मोकळं पाणी कमी झालं आणि पक्ष्यांचंच नुकसान झालं. ज्याला नासधूस करणारा म्हणून बाहेर काढलं, त्याची म्हैस पाणथळ राखत होती. फॉरसिथच्या पुस्तकातला गोंड आणि भरतपूरचा गुराखी यांच्यामध्ये शंभराहून अधिक वर्षं आहेत, पण त्यांच्याकडे पाहणारी नजर एकच आहे.

इथे एका वर्षाकडे बोट दाखवतो. १९५२. त्या साली सरकारने चित्ता भारतातून नामशेष झाल्याचं जाहीर केलं. त्याच साली गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला. चित्ता धरणारे, त्याला माणसाळवणारे, गाडीवरून माळावर नेणारे लोक पारधी आणि चित्तेवान. चित्ता गेला आणि त्याच वर्षी ही माणसं कागदोपत्री ‘मुक्त’ झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून विमानाने चित्ते कुनोला आले, त्याचा केवढा सोहळा झाला हे आपल्याला आठवत असेल. त्याच कुनोतून चोवीस गावं, मुख्यतः सहरिया आदिवासींची, त्याआधी सिंहांसाठी म्हणून हलवलेली होती. सिंह तर आलेच नाहीत. चित्त्याला परत आणता येतं. ज्याला चित्ता कळत होता, त्या माणसाला परत बोलवायचं कुणाच्या मनात आलं का?

आता कुणी म्हणेल, तुम्ही वाघ वाचवण्याच्या विरोधात बोलता आहात. अजिबात नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा झाला नसता, १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला नसता, तर आज मेळघाटात वाघ नसता. १९७२ च्या गणनेत देशभरात १,८२७ वाघ मोजले गेले होते. आकडा आणखी खाली गेला असता, यात शंका नाही. कायदा हवाच. आमचा आग्रह एवढाच की कायद्याच्या आत जुनी वाटणी कुठे कुठे लपून बसली आहे, ते ओळखावं. चोर सोडून संन्याशाला फाशी असं होऊ नये. धरण, खाण, महामार्ग यांना जंगलातून वाट मिळते आणि मोळी विकणारी बाई दंड भरते, तेव्हा समजावं की १८७८ संपलेलं नाही. २००६ चा वनहक्क कायदा हा त्या अन्यायाची कबुली देणारा पहिला मोठा कायदा. त्याची अंमलबजावणी कशी चालली आहे, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

शेवटी आपल्याच मुलखातलं एक उदाहरण, म्हणजे हे सगळं जुनं राहणार नाही. २ नोव्हेंबर २०१८ ला यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या भागात एक वाघीण मारली गेली. तेरा माणसांच्या मृत्यूला तिला जबाबदार धरलं होतं. सरकारी कागदात ती टी-१ होती. शहरातल्या लोकांनी तिला अवनी म्हटलं. गावात ती नुसती ‘वाघीण’ होती. ती मेल्यावर शहरांत मेणबत्त्या लागल्या, गावांत फटाके फुटले. दोन्ही बाजूंनी एकमेकांना दोष दिले. गावकरी क्रूर, शहरी लोक ढोंगी. आपण आज जो इतिहास पाहिला, त्यातून या भांडणाकडे पाहिलं तर काय दिसतं? शहरातल्या माणसाने वाघ कॉर्बेटच्या पुस्तकात पाहिला, आणि त्या पुस्तकात तो नेहमी शिकाऱ्याच्या जागी उभा होता, सरपण वेचणाऱ्या पोरीच्या जागी नाही. तिच्या मरणाने त्याला वाईट वाटतं, पण त्याची गोष्ट वाघापाशी सुरू होते. कपाशीच्या शेतात वाकून काम करणाऱ्या बाईची गोष्ट वाघापाशी सुरू होत नाही. ती चाऱ्यापाशी, सरपणापाशी, मजुरीपाशी सुरू होते, आणि वाघ तिच्यात मध्येच येतो. वाघ म्हटलं तरी खातो आणि वाघोबा म्हटलं तरी खातो, ही म्हण तिची आहे. त्या म्हणीत द्वेष नाही आणि भक्तीही नाही. वाघाच्या शेजारी राहायचं आहे, हे मान्य करून काढलेली ती म्हण आहे. वारली वाघोबाची पूजा करतात तीही अशीच, त्याच्याशी काही एक करार असल्यासारखी.

मग वाचक म्हणून आपण काय करायचं? कॉर्बेट फेकून द्यायचा का? मुळीच नाही. तो पुन्हा वाचायचा, पण या वेळी नजर कडेच्या माणसांवर ठेवून. पाला कोण काढतंय, ओझं कोण वाहतंय, वाघाचा आवाज सर्वांत आधी कुणी ऐकला, याची खूण पेन्सिलीने करायची. मराठीत मारुती चितमपल्लींनी जंगलावर लिहिलं ते वनखात्याच्या नोकरीत राहून, म्हणजे कायद्याच्या बाजूनेच. पण त्यांनी आदिवासींच्या, पारध्यांच्या तोंडची पाखरांची आणि झाडांची नावं जपून लिहून ठेवली. हाकाऱ्याला नाव नसलं तरी त्याच्या शब्दाला तिथे जागा मिळाली. ही सुरुवात आहे, शेवट नव्हे. हाकाऱ्याच्या नातवाने लिहिलेलं जंगलाचं पुस्तक अजून आपल्या कपाटात फारसं आलेलं नाही. ते आलं तर आपण ते कुठल्या खणात ठेवू? ‘निसर्ग’ या खणात, की ‘समाज’ या खणात? हा प्रश्न पडणं बंद होईल, तेव्हा ती वाटणी खरोखर संपली असं म्हणता येईल.

 प्रश्न जरूर विचारा, आणि ज्यांच्या घरात शिकारीचे, हाकाऱ्याचे, पारधीचे अनुभव सांगणारी वडीलधारी माणसं आहेत, त्यांनी ते आताच ऐकून, लिहून ठेवावेत, ही विनंती.